पांढरे चट्टे, काळी रेघ आणि टी पेशी

मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी घरातल्या कुणाला तरी इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगावर सोडणाऱ्या औषधाची, सलाइन सुरू आहे. तीन-चार महिने जातात आणि एक दिवस मनगटावर, मग मानेवर पांढरे चट्टे दिसू लागतात. घरात घबराट उडते. औषधाने कोड उठलं, आता बंद करा, असं नातेवाईक सांगू लागतात. डॉक्टर मात्र चट्टे पाहून फारसे अस्वस्थ होत नाहीत. उलट बऱ्याचदा त्यांना जरा आशाच वाटते. मेलॅनोमाच्या ज्या रुग्णांना या औषधांवर असताना असे चट्टे येतात, त्यांना औषध लागू पडण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असल्याचं अनेक अभ्यासांत दिसून आलं आहे.

असं का होतं, हे समजलं की टी पेशींचं निम्मं काम समजलं. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना मेलॅनोसाइट म्हणतात आणि मेलॅनोमा हा त्यांचाच कर्करोग. रंग तयार करण्याची काही प्रथिनं निरोगी मेलॅनोसाइटमध्येही असतात आणि कर्करोगाच्या पेशीतही. टी पेशी त्या प्रथिनांवरून कर्करोग ओळखून तुटून पडल्या, की शेजारच्या निरोगी रंगपेशीही त्यात सापडतात आणि तिथे चट्टा उरतो. नेहमीच्या कोडातही टी पेशीच रंगपेशींना मारत असतात, फक्त तिथे मारण्यासारखं काही नसतं. (कोड संसर्गजन्य नाही आणि कर्करोगही नाही, हे अजूनही आपल्याकडे सांगावं लागतं, म्हणून सांगितलं.)

हा लेख अशा घरांसाठी आहे, आणि त्याहून जास्त ज्यांच्यावर ही वेळ आलेली नाही त्यांच्यासाठी. कारण टी पेशींचं बळ कुठे चालतं आणि कुठे कमी पडतं, यावरून आपण काय करायचं ते ठरतं.

टी पेशी नेमकं काय करतात

टी पेशी म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार. त्या जन्मतात अस्थिमज्जेत आणि तयार होतात छातीच्या मधल्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत. 'टी' हे अक्षर त्या ग्रंथीवरूनच आलं. १९६१ पर्यंत या ग्रंथीचा मोठासा उपयोग कुणाला ठाऊक नव्हता. त्या वर्षी लंडनमध्ये काम करणाऱ्या जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून पाहिली, तेव्हा ती पिल्लं साध्या जंतुसंसर्गालाही तोंड देऊ शकत नाहीत आणि दुसऱ्या उंदराची त्वचा लावली तर ती नाकारतही नाहीत, हे दिसलं. थायमसमध्ये टी पेशींची कडक छाननी होते. आपल्याच शरीरावर उलटू शकणाऱ्या पेशी तिथेच संपवल्या जातात; बाहेर पडतात त्या फार थोड्या. छाननी पूर्ण निर्दोष नसते, म्हणून पुढे 'नियामक' टी पेशी इतर टी पेशींना आवर घालतात. त्यांच्या शोधासाठी मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५चं नोबेल मिळालं.

त्वचेत या पेशी किती असाव्यात? एका अंदाजाप्रमाणे प्रौढ माणसाच्या त्वचेत सुमारे २० अब्ज टी पेशी असतात, म्हणजे रक्तात फिरणाऱ्या टी पेशींच्या जवळपास दुप्पट. रक्ताच्या तपासणीत 'पांढऱ्या पेशी नॉर्मल' आल्या, म्हणून त्वचेतलं काम ठीक चाललंय असा अर्थ निघत नाही, तो यामुळेच.

आता एक पेशी जवळून पाहू. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत बनणाऱ्या प्रथिनांचे छोटे तुकडे सतत पृष्ठभागावर आणून दाखवत असते. टी पेशी त्या तुकड्यांना चाचपते. नुसता तुकडा तिला वाचता येत नाही. तो शरीराच्या स्वतःच्या एका विशिष्ट प्रथिनात धरलेला असावा लागतो. हे पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी कॅनबरात १९७०च्या दशकात दाखवून दिलं आणि १९९६चं नोबेल मिळवलं. तुकडा ओळखीचा आणि निरोगी असेल तर टी पेशी पुढे सरकते. बदललेला असेल आणि या टी पेशीला तोच हुडकण्याचं शिक्षण मिळालं असेल, तर ती तिथे थांबते, त्या पेशीला घट्ट चिकटते आणि आपल्या आतल्या दाणेदार पिशव्या चिकटलेल्या बाजूला आणते. त्या पिशव्यांतलं परफोरिन समोरच्या पेशीच्या आवरणाला छिद्रं पाडतं, त्यातून ग्रॅन्झाइम आत शिरतं आणि ती पेशी स्वतःच स्वतःला संपवायला लागते. टी पेशी सुटी होऊन पुढच्या पेशीकडे जाते. हे काम सीडी-८ जातीच्या मारक टी पेशींचं. सीडी-४ या मदतनीस पेशी त्यांना टिकून राहायला आणि संख्येने वाढायला साहाय्य करतात.

शिक्षण कोण देतं, हेही त्वचेशीच निगडित आहे. त्वचेच्या वरच्या थरात फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या पेशी असतात. पॉल लॅंगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६८ मध्ये त्या पाहिल्या आणि त्याला वाटलं, या मज्जातंतूंच्या पेशी आहेत. आज आपण जाणतो की त्या संशयित प्रथिनं गोळा करून जवळच्या लसिका ग्रंथीत, म्हणजे काखेत, जांघेत किंवा मानेत घेऊन जातात. योग्य टी पेशी तिथे जागी होते आणि काही दिवसांत तिच्या हजारो प्रती तयार होतात. त्वचेवरचा संशयास्पद डाग दाखवायला गेलात आणि डॉक्टरांनी काख-जांघ दाबून पाहिली, तर ते कर्करोग त्या ग्रंथींपर्यंत पोहोचलाय का ते पाहत असतात. टी पेशींची शाळाही तीच.

ऊन दोन्ही बाजूंनी खेळतं

उन्हातल्या अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशींतल्या डीएनएत बदल होतात. म्हणून उन्हामुळे होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगांत बदललेली प्रथिनं इतर बहुतेक कर्करोगांपेक्षा जास्त सापडतात. टी पेशींच्या दृष्टीने ही सोयीची गोष्ट: जितके बदल अधिक, तितकं ओळखणं सोपं. इम्युनोथेरपीचं पहिलं मोठं यश मेलॅनोमातच का मिळालं, त्याचं एक कारण हेच.

पण ऊन टी पेशींना मंदही करतं. अमेरिकेत मार्गारेट क्रिपके यांनी १९७०च्या दशकात उंदरांवर प्रयोग केले. अतिनील किरणांनी एका उंदराला झालेली त्वचेची गाठ दुसऱ्या निरोगी उंदराला लावली, तर त्याच्या शरीराने ती नाकारली. तीच गाठ आधी अतिनील किरणांत ठेवलेल्या उंदराला लावली, तर ती वाढली. म्हणजे ऊन गाठही तयार करतं आणि ती रोखणाऱ्या यंत्रणेलाही दाबून टाकतं. शेतात, बांधकामावर, समुद्रावर काम करणाऱ्यांना दुपारचं ऊन टाळा असं सांगणं सोपं आणि पाळणं अवघड. तरी लांब बाह्यांचा सुती सदरा, डोक्यावर रुंद काठाची टोपी किंवा कान-मान झाकणारा रुमाल एवढं होण्यासारखं आहे. सनस्क्रीन परवडत असेल तर लावा, पण सदऱ्याची जागा ते घेत नाही.

आपल्या त्वचेची गोष्ट वेगळी आहे

इथे परदेशी माहिती वाचून आपली फसगत होते. ऑस्ट्रेलियातला किंवा अमेरिकेतला गोरा माणूस पाठीवरचा, चेहऱ्यावरचा तीळ बघत बसतो. आपल्याकडे त्वचेत मेलॅनिन भरपूर असतं, त्यामुळे त्वचेचा कर्करोग एकंदरीत कमी होतो. मेलॅनोमा झालाच, तर बऱ्याचदा तो तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो. ऊन न लागणाऱ्या जागी. या प्रकाराला अ‍ॅक्रल मेलॅनोमा म्हणतात. गायक बॉब मार्लेला तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला होता. १९७७ मध्ये निदान झालं, आधी फुटबॉल खेळताना झालेली दुखापत समजली गेली होती; १९८१ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी तो गेला.

आणि या लेखातली सगळ्यात महत्त्वाची बाब ही: अ‍ॅक्रल मेलॅनोमा उन्हामुळे होत नसल्याने त्यात बदललेली प्रथिनं कमी असतात. टी पेशींना ओळखायला कमी खुणा मिळतात. म्हणूनच टी पेशींना मोकळं करणारी नवी औषधं या प्रकारात कमी प्रभावी ठरतात. परदेशातल्या वृत्तपत्रांत येणारे चमत्काराचे आकडे आपल्या रुग्णाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. आपल्याकडे जास्त फायदा होतो तो लवकर शोधण्याचा. कर्करोग पातळ, वरवरचा असताना काढला तर शस्त्रक्रियेनेच बहुतेकदा काम भागतं आणि टी पेशींच्या महागड्या औषधांची वेळ येत नाही.

म्हणून महिन्यातून एकदा, आंघोळीनंतर, उजेडात बसून पाय पाहा. टाच, चवड्याखालचा भाग, बोटांच्या मधल्या खाचा, सगळी नखं. म्हाताऱ्या माणसांना वाकता येत नाही, त्यांचे पाय घरातल्या कुणीतरी पाहावेत. नेलपॉलिश असेल तर काढून. काय शोधायचं? टाचेवर किंवा तळव्यावर नवा काळा-तपकिरी डाग, ज्याच्या कडा वेड्यावाकड्या आहेत, रंग एकसारखा नाही किंवा जो वाढतोय. नखात मुळापासून टोकापर्यंत गेलेली काळी रेघ. आता सावळ्या माणसांच्या अनेक नखांत अशा रेघा जन्मभर असतात आणि त्यांचं काहीही होत नाही. त्यांची भीती बाळगू नका. पण मोठ्या वयात एकाच नखात नवी रेघ आली, ती रुंद होत गेली किंवा तिचा काळेपणा नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर पसरला, तर लगेच दाखवा. ठेच लागून नखाखाली रक्त साकळलं असेल, तर नख वाढेल तसा तो डाग पुढे सरकतो. जागचा हलत नसेल, तर ते रक्त नव्हे.

आपल्याकडे आणखी एक वाट आहे, ती फार दुर्लक्षित. जुन्या भाजल्याच्या वणावर, वर्षानुवर्षं चिघळणाऱ्या जखमेवर स्क्वॅमस पेशींचा कर्करोग उठू शकतो. काश्मीरमध्ये कपड्यांखाली कांगडी बाळगणाऱ्यांच्या पोटावर आणि मांड्यांवर तो होतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये वि. रा. खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये धोतर घट्ट बांधणाऱ्यांच्या कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली. पुढे साडी नेसणाऱ्या बायकांतही तेच आढळलं. कारण साधं आहे: परकराची बारीक नाडी रोज त्याच जागी आवळली जाते, कातडी काळी पडते, मग पांढुरकी, मग खरखरीत आणि शेवटी फुटते. बारीक नाडीऐवजी रुंद पट्टी, घट्ट आवळण्याऐवजी थोडी सैल, आणि बांधण्याची जागा अधूनमधून बदलणं, एवढ्याने घर्षण कमी होतं. कमरेवरची जखम महिनाभर भरली नाही तर ती दाखवावी.

हे सगळं जिथे बिघडतं ती जागा म्हणजे औषधाचं दुकान. खाज, चट्टा, जखम काही असलं की दुकानदार स्टेरॉइड मिसळलेलं मलम देतो. स्टेरॉइडने त्या जागची दाहकता बसते, टी पेशीही मंदावतात, चट्टा काही दिवस बरा दिसतो आणि खरं दुखणं लपतं. निदान झालेलं नसताना अशी मलमं आठवडेच्या आठवडे चोळू नयेत.

'हत्यार लागलं की पसरतो'

कर्करोगाला सुरी किंवा सुई लागली की तो पसरतो, हा समज घरोघरी आहे. संशयित डागाचा तुकडा काढून तपासल्याशिवाय निदान होत नाही, आणि तुकडा काढल्याने त्वचेचा कर्करोग पसरतो याला पुरावा नाही. पसरतो तो वेळ गेल्यामुळे. कुरूप म्हणून ब्लेडने कापणं, चामखीळ म्हणून चुना किंवा अ‍ॅसिड लावणं, हे मात्र खरोखर नुकसानीचं आहे. डाग जळून जातो आणि तपासायला काही उरत नाही. शक्य असेल तर डाग पूर्ण काढून तपासायला देण्याचा आग्रह धरा, म्हणजे त्याची जाडी मोजता येते. मेलॅनोमाचा पुढचा सगळा उपचार जाडीवर अवलंबून असतो.

ज्यांच्या टी पेशी मुद्दाम दाबलेल्या आहेत

टी पेशी त्वचेचा कर्करोग रोज रोखत असतात, याचा सर्वांत ठसठशीत पुरावा प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांकडून मिळाला. नवं मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून त्यांना टी पेशी दाबणारी औषधं आयुष्यभर घ्यावी लागतात. नॉर्वेतल्या एका अभ्यासात अशा रुग्णांत स्क्वॅमस पेशींच्या त्वचा-कर्करोगाचा धोका सर्वसामान्यांच्या ६५ पट भरला. गोऱ्या लोकांतला आकडा आहे हा, आपल्याकडे तो तितका नसतो. पण तत्त्व तेच. मूत्रपिंड, यकृत किंवा हृदय बदललेलं असेल, किंवा संधिवात, सोरायसिस यांसाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वर्षानुवर्षं चालू असतील, तर वर्षातून एकदा त्वचारोगतज्ज्ञाला अंगभर त्वचा दाखवा. ही औषधं स्वतःच्या मनाने कमी करू नका; अवयव जाईल.

ब्रेक काढण्याची औषधं

टी पेशी कर्करोग ओळखतात, तरी तो वाढतो कसा? टी पेशींवर मुळातच ब्रेक बसवलेले असतात, नाहीतर त्यांनी शरीरच खाल्लं असतं. पीडी-१ आणि सीटीएलए-४ हे त्यातले दोन. कर्करोगाच्या पेशी पीडी-१ चा ब्रेक दाबेल असं प्रथिन पृष्ठभागावर आणतात आणि समोर आलेली टी पेशी थंडावते. अमेरिकेत जेम्स अ‍ॅलिसन यांनी सीटीएलए-४ चा ब्रेक अडवून पाहिला, जपानमध्ये तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये पीडी-१ शोधला. दोघांना २०१८चं नोबेल मिळालं.

औषधं म्हणून इपिलिमुमॅब २०११ मध्ये आणि पेम्ब्रोलिझुमॅब व निवोलुमॅब २०१४ मध्ये अमेरिकेत मेलॅनोमासाठी मंजूर झाली. त्याआधी शरीरात पसरलेल्या मेलॅनोमाचे निम्मे रुग्ण वर्षभरही जगत नसत. निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब एकत्र घेतलेल्या रुग्णांपैकी ४३ टक्के १० वर्षांनंतरही हयात असल्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचा मेलॅनोमा २०१५ मध्ये यकृतात आणि मेंदूत पसरलेला होता; शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि पेम्ब्रोलिझुमॅब यांनंतर ते शंभरी गाठून डिसेंबर २०२४ मध्ये गेले. त्वचेच्या इतर कर्करोगांतही हे मार्ग उघडले आहेत: पसरलेल्या स्क्वॅमस पेशींच्या कर्करोगासाठी सेमिप्लिमॅब, मर्केल पेशींच्या दुर्मीळ कर्करोगासाठी अ‍ॅव्हेलुमॅब.

शस्त्रक्रियेने काढता येईल असा, पण लसिका ग्रंथीपर्यंत पोहोचलेला मेलॅनोमा असेल, तर एक प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा: औषध शस्त्रक्रियेआधी सुरू करता येईल का? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत आधी काही डोस देऊन मग शस्त्रक्रिया केलेल्या गटातले ७२ टक्के रुग्ण दोन वर्षांनंतर आजार न उलटता होते. सगळं औषध शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या गटात ४९ टक्के. कारण बहुधा हे की, गाठ अंगात असते तेव्हा टी पेशींना शिकायला भरपूर नमुना मिळतो. गाठ काढून टाकल्यावर तो उरत नाही. 'आधी कापून टाका, मग बघू' ही आपली घाई इथे नडू शकते.

गाठीतल्याच टी पेशी काढून, प्रयोगशाळेत वाढवून पुन्हा शरीरात सोडण्याचा उपचारही आहे. स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी १९८० च्या दशकात मेलॅनोमात त्याची सुरुवात केली आणि २०२४ मध्ये अमेरिकेत त्याला लिफिल्युसेल या नावाने मंजुरी मिळाली. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून विकसित केलेल्या नेक्सकार-१९ बद्दल लोक विचारतात. तोही टी पेशींचाच उपचार, पण रक्ताच्या काही विशिष्ट कर्करोगांसाठी. त्वचेच्या कर्करोगाला तो लागू नाही.

औषध चालू असताना

ब्रेक काढले की टी पेशी कर्करोगावर जातात, आणि कधी आतड्यावर, फुप्फुसावर, यकृतावर, थायरॉइडवरही. केमोसारखे केस गळत नाहीत, उलट्या फारशा होत नाहीत, म्हणून घरच्यांना वाटतं हे सौम्य औषध आहे. तसं नाही. निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब एकत्र घेणाऱ्या निम्म्याहून जास्त रुग्णांना गंभीर दुष्परिणाम होतात. एकटं पीडी-१ रोखणारं औषध असेल तर प्रमाण बरंच कमी.

घोटाळा बहुतेकदा जुलाबांपासून सुरू होतो. दिवसातून पाच-सहा वेळा पातळ होतंय, रुग्ण कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे जातो, तिथे बाहेरचं खाल्लं असेल म्हणून जुलाब थांबवणारी गोळी आणि अँटिबायोटिक मिळतं. प्रत्यक्षात टी पेशींनी आतड्यावर हल्ला केलेला असतो आणि त्याला वेळेवर स्टेरॉइड लागतं, नाहीतर आतड्याला भोक पडण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. म्हणून एक कागद पाकिटात ठेवा: औषधाचं नाव, शेवटचा डोस कधी, ऑन्कॉलॉजिस्टचा फोन. कुठल्याही डॉक्टरकडे, अगदी दाताच्या डॉक्टरकडे गेलात तरी तो आधी दाखवा. सतत जुलाब किंवा शौचात रक्त, कोरडा खोकला आणि धाप, छातीत दुखणं, डोळे पिवळे होणं, न थांबणारी डोकेदुखी, अचानक फार तहान आणि वारंवार लघवी: यांतलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. हे त्रास शेवटच्या डोसनंतर काही महिन्यांनीही सुरू होऊ शकतात. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाला ही औषधं दिली तर नवा अवयव नाकारला जाण्याचा मोठा धोका असतो. त्याचा निर्णय दोन्ही बाजूंच्या डॉक्टरांनी एकत्र बसूनच घ्यावा लागतो.

पहिल्या स्कॅनमध्ये गाठ थोडी मोठी दिसली तरी लगेच हात टेकू नका. क्वचित टी पेशींची गर्दी झाल्याने गाठ फुगते आणि मग उतरते. अर्थात बहुतेक वेळा वाढलेली गाठ ही वाढलेलीच असते. फरक डॉक्टरच सांगतील.

'इम्युनिटी बूस्टर'बद्दल माझं मत स्पष्ट आहे: या रुग्णांनी ती घेऊ नयेत. काढे, गुळवेलीच्या गोळ्या, पावडरी कर्करोगावरच्या टी पेशी वाढवतात याला पुरावा नाही. गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याच्या घटना मुंबईतल्या डॉक्टरांनीच नोंदवल्या आहेत, आणि यकृत बिघडलं तर दोष औषधाचा की गोळीचा हे कळेनासं होतं. जेवणाचं मात्र सांगण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या एम. डी. अँडरसन केंद्राच्या २०२१ मधल्या अभ्यासात आहारात तंतुमय पदार्थ पुरेसे असलेल्या मेलॅनोमाच्या रुग्णांना इम्युनोथेरपी जास्त लागू पडलेली दिसली. बाजारातल्या प्रोबायोटिक गोळ्यांचा फायदा दिसला नाही. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, शेवटचा शब्द नाही. पण ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी यांसाठी कुणाचा सल्ला लागत नाही, आणि जुलाब नसतील तोवर त्यात तोटा काही नाही.

खर्चाचं आधी विचारा

ही औषधं महाग आहेत आणि वर्ष-दोन वर्षं चालतात. पहिला डोस घेण्याआधीच पैशांचं बोला. तीन डोसनंतर पैसे संपून थांबणं सर्वांत वाईट. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या पसरलेल्या कर्करोगात निवोलुमॅबचा दर तीन आठवड्यांना अवघा २० मिलिग्रॅमचा डोस, स्वस्त गोळ्यांच्या जोडीने देऊन पाहिला. वर्षभर जगलेल्या रुग्णांचं प्रमाण १६ वरून ४३ टक्क्यांवर गेलं. मेलॅनोमासाठी असा कमी डोस सिद्ध झालेला नाही, तरी आपल्या बाबतीत डॉक्टरांचं मत विचारायला हरकत नाही. सरकारी योजनेत कोणतं औषध बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. कंपन्यांच्या रुग्ण-साहाय्य योजना आहेत का, याची चौकशी समाजसेवा विभागात करा.

ऑन्कॉलॉजिस्टकडे पहिल्यांदा जाताना चार प्रश्न लिहून न्या. मेलॅनोमा कोणत्या प्रकारचा आणि किती जाड? बीआरएएफ आणि किट या जनुकांची तपासणी केली का? औषध शस्त्रक्रियेआधी द्यायचं की नंतर? आणि रात्री दोन वाजता जुलाब सुरू झाले तर फोन कुणाला करायचा? चौथ्या प्रश्नाचं उत्तर नंबरासह लिहून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.